राजीनामा आणि सही

'नेतृत्व' या विषयावर महाविद्यालयांत अलीकडे कार्यशाळा पुष्कळ होतात. बाहेर पडताना हाती प्रमाणपत्र असते. प्रश्न मात्र जिथल्या तिथेच राहतो. नकार केव्हा द्यावा, कसा द्यावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हा तो प्रश्न. आम्हांला त्याचे उत्तर शोधताना चिंतामणराव देशमुखांचा आधार वाटत आला आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे, कारण ठाणे महानगरपालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाने चालते. आमचे काही विद्यार्थी बी.ए. झाल्यावर तिथे जातात. 1918 साली चिंतामणराव आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले, एवढे त्यांना ठाऊक असते. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचा 'मेघदूता'चा मराठी अनुवाद आठवेल. आणि 1956चा राजीनामा तर महाराष्ट्राच्या स्मरणात आहेच.

आपल्याकडे राजीनामा 'तोंडावर फेकला' जातो. चिंतामणरावांनी तो फेकला नाही. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जानेवारी 1956 मध्ये जाहीर झाला, मुंबईत गोळीबार झाले, तेव्हाच त्यांनी पद सोडण्याची इच्छा कळवली होती. पंतप्रधानांच्या आग्रहावरून ते थांबले आणि फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला. जुलैमध्ये त्यांनी लोकसभेत आपली कारणे उघडपणे सांगितली: निर्णयाची मंत्रिमंडळात रीतसर चर्चा झाली नाही, गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. त्यांचा आक्षेप निर्णयाइतकाच तो घेण्याच्या रीतीवरही होता. पुढे त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 1961पर्यंत त्यांनी ते काम केले. सरकार तेच होते. मतभेदाचे वैरात रूपांतर होऊ न देता माणूस कामाला लागला, हे आम्हांला राजीनाम्याइतकेच मोलाचे वाटते.

आता एवढ्या मोठ्या उदाहरणाशेजारी आमची लहानशी गोष्ट ठेवण्याचे धाडस करतो. काही वर्षांपूर्वी मूल्यांकन समिती येण्याच्या सुमारास, कधीही न झालेल्या विभागीय बैठकांची इतिवृत्ते तयार करून त्यांवर मागील तारखांनिशी सह्या कराव्यात, अशी तोंडी सूचना आमच्याकडे आली. कागद तयारही झाले होते. ते लिहून काढले होते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकारी बाईंनी. पुढल्या जूनमध्ये आपली नेमणूक होईल की नाही, हे ज्यांना मेपर्यंत कळत नाही, त्यांना 'नाही' म्हणण्याची मुभा कुठली?

आमची नोकरी कायम होती. गृहकर्जाचे हप्ते आम्हांलाही होते, पण एका नकाराने ते थकणार नव्हते. म्हणून नकार आम्ही द्यायचा, आणि तो असा द्यायचा की त्याची झळ बाईंपर्यंत पोचू नये, असे ठरले. त्या कागदांवर सही न करता आम्ही अर्ध्या पानाचे निवेदन दिले: जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्यांचीच इतिवृत्ते विभाग सादर करील, याची जबाबदारी आमची. बाईंचा उल्लेख त्यात मुद्दामच केला नाही. मग उरलेल्या दिवसांत खरी कागदपत्रे नीट लावून दिली.

फार काही घडले नाही. विभागाची फाईल बारीक दिसली. काही सहकाऱ्यांचे बोलणे काही काळ तुटक झाले. एका ज्येष्ठांनी विचारले, 'एवढ्याशा सहीने काय बिघडले असते?' प्रश्न प्रामाणिक होता. संस्थेवरची त्यांची माया खरी होती, म्हणूनच उत्तर देणे अवघड गेले. आम्ही एवढेच म्हणालो, 'सर, उद्या हेच आपण विद्यार्थ्यांच्या हजेरीबाबत कोणत्या तोंडाने बोलणार?'

राजीनामा देण्याचे प्रसंग मोजक्यांच्याच वाट्याला येतात; सहीचे प्रसंग मात्र रोज येतात. नकार कारणांसह द्यावा, हातचे काम अर्धवट टाकू नये, आणि ज्याला नकार परवडतो त्याने तो ज्याला परवडत नाही त्याच्या आधी द्यावा. चिंतामणरावांकडून आम्ही पहिल्या दोन गोष्टी घेतल्या. तिसरी आम्हांला त्या बाईंच्या सुवाच्य अक्षरातील कागदांनी शिकवली. नेतृत्व म्हणतात ते कदाचित एवढेच असावे.