वाड्याची संहिता

जुना वाडा दुरुस्त करणारा आणि जुन्या ग्रंथाची संहिता सिद्ध करणारा, दोघांनाही अखेर एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: मूळ म्हणजे कोणते? पुण्याच्या विश्रामबागवाड्यापुढे उभे राहिले की हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा बांधला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. म्हणजे धन्याचा येथला वास जेमतेम दशकभराचा. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा काढली. मोल्सवर्थच्या कोशकार्यातला सहकारी मेजर कँडी पुढे तिची देखरेख करू लागला. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर या पाठशाळेत आधी विद्यार्थी होते, मग अध्यापक झाले. १८५१ मध्ये पाठशाळेचे पूना कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये ते, डेक्कन कॉलेज या नावाने, येरवड्याच्या वास्तूत गेले. मे १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे नगरपालिकेची कचेरी येथे आली. अलीकडच्या काळात महापालिकेने टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार केला.

दर्शनी सज्जाचे सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब पाहून मन सुखावते, यात शंका नाही. पण पाहणारा बहुधा पेशव्याचा विलास तेवढा आठवून परततो. पाठशाळेची सुमारे पंचेचाळीस वर्षे त्याच्या दृष्टीस पडत नाहीत.

लोणखेड्यात मराठी शिकवताना मला हे विस्मरण अधिक खुपते. माझ्या वर्गातली मुले घरी अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी बोलतात. ज्या प्रमाण गद्यात त्यांनी उत्तरे लिहावीत अशी आपली अपेक्षा असते, ते गद्य कोणा एका काळी, कोणा माणसांनी, अशाच वाड्यांतून घडवले. ही घडण दिसली, तर प्रमाण भाषा त्यांना दैवी आज्ञा वाटणार नाही. तीही माणसांची कारागिरी आहे, आपलाही हात तिला लागू शकतो, असा धीर येईल.

टॉलस्टॉयचा जन्म झाला तो यास्नाया पोल्यानातला मोठा वाडा त्याने जुगाराच्या कर्जापायी विकला. १८५४ मध्ये तो उतरवून दुसरीकडे नेला गेला. त्या जागी नवा ‘मूळ’ वाडा उभारलेला नाही. झाडे आहेत आणि खुणेचा एक दगड. गाळलेली ओळ गाळलेलीच ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा आहे.

भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात स्वीकृत पाठ वर आहे, पण नाकारलेले पाठभेदही पानाच्या तळाशी जपलेले आहेत. जीर्णोद्धाराची रीत याहून वेगळी का असावी? सज्जा पेशव्याचा असो. त्याखाली पाठशाळा, आग आणि कचेरी हे पाठभेदही वाचता आले पाहिजेत. एरवी हाती उरते ती केवळ सुबक छापलेली, टीपा गाळलेली प्रत.