बसलेल्या मयताचा पास

आम्हा लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. गावी, अक्कलकोट तालुक्यात, त्याचं काही अडत नाही. शेत घरचं, जागा बांधालगतची, खड्डा काढायला भावकी हजर. अप्पा गेले ते पुण्यात, घरीच, पहाटे. म्हणजे सार्वजनिक दफनभूमी आली आणि तिच्यामागून कागद आले.

कागदांचं काम भराभर झालं. घरी मृत्यू झाला तर इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी नमुना ४अ मध्ये कारण लिहून द्यायचं. दवाखान्यात झाला तर नमुना ४. ते आणि आधार कार्ड दाखवलं की दफनाचा पास. डॉक्टर लिहून देईनात, तर मात्र गोष्ट पोलिसांपर्यंत जाते. आमचे डॉक्टर जिना चढून आले आणि उभ्या उभ्या लिहून गेले. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. १९६९ च्या कायद्याने दफनभूमी सांभाळणाऱ्यावरही मृत्यू कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे तिथल्या वहीतलं नाव नीट लिहिलंय ना, हे वाकून बघून घ्यावं.

खरी घाई निराळीच होती. मयत काही तासांतच ताठरायला लागतं, आणि पाय ताठले की मांडी घालता येत नाही. लातूरचे पाहुणे फोनवर म्हणत होते, आम्ही येईपर्यंत हलवू नका. आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. "या की सावकाश. दर्शन बसलेल्याचं घ्या," म्हणाली आणि ठेवून दिला. तिनेच अप्पांचे गुडघे हळूहळू चोळत दुमडले. पाठीला फळी लावली, पांढऱ्या धोतराच्या पट्टीने कपाळ फळीला बांधलं. शववाहिका आली, तर आत स्ट्रेचर. सगळी सोय निजलेल्यांची. ती परत पाठवून छोटा हत्ती बोलावला आणि त्यावर मयत बसवून न्यायचं विमान बांधलं.

दफनभूमीतला रखवालदार टेप घेऊनच उभा होता. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरही पुरेशी माती यायला हवी, म्हणून खड्डा जास्त खोल. त्याने दोनदा मोजला आणि आणखी काढायला लावला. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कोरला होता. अप्पांना त्यात बसवलं, म्हणजे माती थेट तोंडावर पडत नाही. डाव्या तळहातावर इष्टलिंग, अंगाला विभूती, बेलाची पानं. अय्यांचे, म्हणजे आमच्या पुरोहितांचे, मंत्र चालू असतानाच रखवालदाराने नायलॉनची शाल आणि हारातली प्लास्टिकची फुलं बाजूला काढली. कुणी काही बोललं नाही. मग मीठ, मग माती.

बोलणं झालं ते नंतर, थडग्यावरच्या ओट्यावरून. इथे पक्कं बांधकाम चालत नाही, नंबराची पाटी तेवढी लावायची, आणि काही वर्षांनी जागा दुसऱ्याला जाणार, असं रखवालदाराने सांगितलं. चुलतभाऊ भडकला. नगरसेवकाला फोन लावतो म्हणाला. मला तो नियम पटला. शहरात जमीन किती, आणि मरणारे किती! शिवाय स्थावरापेक्षा जंगम थोर मानणाऱ्या बसवण्णांचं नाव घ्यायचं आणि चार फूट फरशीसाठी नगरसेवक गाठायचा, हे मला तरी जमणारं नव्हतं. तसं मी त्याला तिथेच सांगितलं. आत्या मध्ये पडली म्हणून थांबलो.

पुढे त्याने गावच्या शेतात अप्पांच्या नावाने समाधी बांधली. ग्रॅनाइटची आहे. खाली कुणी नाही. वर्गणी मागायला आला होता. मी दिली नाही.