मेणवलीची घंटा

येत्या वैशाखांत आमच्या घरीं पाळणा हलावयाचा आहे. सूनबाईस आठवा महिना चालू आहे. घरांतील बायका डोहाळजेवणाच्या तयारींत गुंतल्या असतां माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरावर एकच काम सोंपविलें गेलें : वाईस आजोळीं जाऊन तेथील सागवानी पाळणा आणणें. काम लहान, परंतु दोन महिने मीं तें टाळीत होतों. त्याचें कारण आजवर कोणास सांगितलें नव्हतें.

सन १९६८ च्या चैत्रांत मी नऊ वर्षांचा होतों. सुट्टी लागतांच खंबाटकीचा घाट ओलांडून आईसह आजोळीं आलों. धोमचें धरण तेव्हां बांधून झालें नव्हतें. कृष्णामाई चैत्रांत रोडावून खडकांमधून वाट काढीत असे. सन १७६२ मध्यें रास्त्यांनीं बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तिच्यामुळें दुभंगून जातें. त्या भिंतीशीं आम्हां मुलांचा खेळ रंगे. घरोघरीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू असे. आंब्याची डाळ, पन्हें आणि ओले हरभरे यांनीं खिसे व पोटें दोन्हीं भरत.

पण त्या वर्षीं आईचें माझ्याकडे लक्ष नव्हतें. ती बाळंतपणासाठीं आली आहे हें कळल्यावर मी रुसून बसलों. तेव्हां आजी मला कोसभर चालवीत मेणवलीस घेऊन गेली. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागें चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचें देऊळ आणि तेथें टांगलेली ती प्रचंड घंटा! सन १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकीं ही एक. तिजवर बाळ येशूस घेतलेली मेरी कोरलेली आहे. आजीस तें ठाऊक नसावें. ती म्हणाली, “कोणाची का आई असेना, कडेवर लेंकरूं आहे. नमस्कार कर, आणि भावंडासाठीं कांहीं माग.”

मीं हात जोडले आणि मनांत मागितलें, ‘तें येऊंच नये.’

बहीण झाली. ती अकरा दिवस जगली. बारशासाठीं पुसून ठेवलेला पाळणा पुन्हां माळ्यावर गेला. पुढें शाळेंत मुलांना काकतालीयन्याय शिकवितांना कावळा बसणें व फांदी मोडणें यांचा संबंध नाहीं, हें मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें! परंतु त्या फांदीखालीं उभा असलेला नऊ वर्षांचा मुलगा कांहीं केल्या हलेना.

गेल्या आठवड्यांत अखेर गेलों. प्रथम मेणवलीस जाऊन घंटेपुढें उभा राहिलों. ह्या वेळीं मागणें कांहींच नव्हतें. क्षमा मात्र मागितली. मग गणपति आळींत गेलों. मामेभावास भीत भीत विचारिलें, “तो पाळणा इतकीं वर्षें माळ्यावरच असेल?”

तो हंसूं लागला. “माळ्यावर? अरे, माझीं तिन्हीं मुलें त्यांतच वाढलीं, आणि मुलांचीं मुलेंहि. शेजारपाजारचीं तर मोजलींच नाहींत. त्याला माळा माहीत आहे कुठें?”

जो पाळणा माझ्या मनांत जवळजवळ साठ वर्षें निश्चल टांगलेला होता, तो प्रत्यक्षांत सारखा हलत होता!

घरीं परतल्यावर सारें सूनबाईस सांगितलें. ती घाबरेल असें वाटलें होतें. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बाबा, त्यांचें नांव काय ठेवणार होते?”

बारसें झालें नाहीं म्हणून हा प्रश्न घरांत कधीं कोणीं विचारलाच नव्हता. आईनें मात्र मला एकदां सांगितलें होतें. मीं म्हटलें, “कृष्णा.”

पाळणा आतां माजघरांत टांगला आहे. कड्यांना तेल घातलें आहे. रिकामा पाळणा हलवूं नये म्हणून सूनबाईनें तो दोरीनें बांधून ठेविला आहे. गांठ मात्र सैलच मारिली आहे.