दोन साक्षी आणि एक ग्रह

जून २०१८. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने एक बातमी दिली. सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर, सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला. वस्तुमान पृथ्वीच्या २७ पट, त्रिज्या सहापट, आणि त्याचं वर्ष फक्त साडेएकोणीस दिवसांचं! मला मात्र जास्त भावली ती ही बातमी पक्की करण्याची पद्धत.

पहिली खबर नासाच्या केप्लर दुर्बिणीची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, बल्बसमोरून चिलट गेल्यासारखा. ठरावीक दिवसांनी तेवढाच उजेड पुन्हा कमी झाला की संशय बळावतो. किती उजेड अडला यावरून ग्रहाचा आकार कळतो. पण मागे एकमेकांना झाकणारे दोन तारे असले तरी असाच खेळ दिसतो. म्हणून शास्त्रज्ञ अशा नोंदीला लगेच ग्रह म्हणत नाहीत, ‘उमेदवार’ म्हणतात. उमेदवार म्हणजे निवडून आलेला नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी साक्ष आली माउंट अबूच्या गुरुशिखरावरून. तिथे १.२ मीटरची दुर्बीण आहे आणि तिला जोडलेलं ‘पारस’ नावाचं उपकरण. ग्रहाच्या ओढीने तारासुद्धा थोडा डुलतो. तो आपल्याकडे सरकला की त्याच्या प्रकाशातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब गेला की तांबड्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसंच. या डुलण्यावरून ग्रहाचं वस्तुमान निघतं. वर्षाहून जास्त काळ मोजणी चालली. दोन्ही हिशेब जुळले, मगच ग्रह जाहीर झाला.

एकाच साक्षीवर दगा होऊ शकतो. २०१२ मध्ये आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याच्या नुसत्या डुलण्यावरून ग्रह जाहीर झाला, जगभर मथळे झाले. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी तपासली आणि तो भास निघाला. एक ग्रह यादीतून गेला, कुणाचा जीव गेला नाही.

आता त्याच २०१८ मधली १ जुलै आठवा. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मोबाइलवर ‘मुलं पळवणारी टोळी’ फिरत होती. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ६०० प्रकाशवर्षांवरच्या ग्रहासाठी आपल्याच देशातली माणसं वर्षभर थांबली. इथे पाच जिवांसाठी पाच मिनिटं कुणी थांबलं नाही.

पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला शिकवलं होतं : दोन सूत्रं हवीत, आणि ती एकमेकांवर अवलंबून नकोत. केप्लरने उजेड मोजला, अबूने डुलणं मोजलं. दोघांनी एकमेकांचं ऐकून सांगितलं नाही. उलट दहा ग्रुपवर आलेला एकच मेसेज ही दहा माणसांची साक्ष होत नाही. ती एकच खबर, दहा वेळा आलेली.

तेव्हा मंडळी, असा मेसेज आला की पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्याला एक फोन करा. तोवर तो ‘उमेदवार’च समजा.