वाळवंटातला तांडा आणि जुना ट्रक

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. पौष-माघात मात्र हेच गाव ओळखू येत नाही. चारही बाजूंच्या खडकाळ माळावर, क्रिओसोटच्या झुडपांमधून, नजर जाईल तेथपर्यंत चाकांवरची घरे उभी असतात. उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून थंडी चुकवीत आलेली ही मंडळी बहुधा निवृत्त असतात. प्रत्येक घरापुढे एक ट्रक उभा असतो आणि त्यातले कित्येक ट्रक वीस-पंचवीस वर्षांचे असतात.

या मुक्कामाला सरकारी शिस्त आहे. गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाचा केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याचा मोठा माळ आहे. ठरावीक शुल्क भरले की 15 सप्टेंबर ते 15 एप्रिलपर्यंत तेथे राहता येते; पिण्याचे पाणी भरण्याची आणि सांडपाणी सोडण्याची सोय तेथे आहे. आसपासच्या काही माळांवर शुल्क नाही, पण चौदा दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत येथे खडे आणि रत्ने यांचे बाजार भरतात. याच सुमारास काही तासांच्या अंतरावरील टूसॉन शहरात जगप्रसिद्ध रत्नमेळा असतो. जयपूर आणि मुंबईच्या आपल्या जव्हेऱ्यांना त्या शहराची वाट नवी नाही.

गावच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या माथ्यावर धातूचा उंट. ही हाजी अली याची समाधी. वाळवंटातून रसद नेण्यासाठी उंट उपयोगी पडतील का, हे पाहण्याकरिता अमेरिकी लष्कराने 1856 साली उंट आणविले. त्यांच्याबरोबर ऑटोमन साम्राज्यातून जे उंटवाले आले, त्यांतला हा एक. स्थानिक लोकांनी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ करून टाकले. उंट काटक निघाले, पण घोडे आणि खेचरे त्यांना बुजत. पुढे यादवी युद्ध पेटले आणि तो प्रयोग बारगळला. हाजी अली 1902 मध्ये वारला. 1935 मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने हे स्मारक उभारले. तांड्याचे सारे यश त्याच्या वाहकावर अवलंबून असते, हे त्या समाधीपुढे उभे राहिले की सहज मनात येते. पाठीवर किती लादावे, मुक्काम किती अंतरावर टाकावा, पाणी कोठे मिळेल, हे प्रश्न उंटवाल्याला होते, आपल्याकडील लमाणांना होते, आणि ला पोसाच्या माळावर उभ्या असलेल्या प्रत्येक कुटुंबालाही आहेत.

आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि आईवडील चार-सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. देश पाहण्याची इच्छा असते, पण प्रवास म्हटला की पहिला प्रश्न आहाराचा. मोठ्या शहरांत मंदिर आहे, आपली माणसे आहेत. तीनशे किलोमीटर आत गेल्यावर मात्र कांदा-लसूण आणि कंदमुळे वगळून, सूर्यास्तापूर्वी, गाळलेल्या पाण्याने केलेले अन्न कोठून मिळणार? चाळीस वर्षे चौविहार पाळणाऱ्या माझ्या पत्नीने मागील खेपेस ग्रँड कॅनियनच्या सहलीत तीन दिवस खाकरे, मुरमुरे आणि फळांवर काढले. तेव्हा फिनिक्सला राहणाऱ्या आमच्या मुलाने ठरविले की यापुढे स्वयंपाकघर बरोबर घेऊनच निघायचे. ट्रेलर नंतर पाहू, आधी तो ओढणारा ट्रक शोधू, असे ठरले आणि त्या शोधात मीही सामील झालो. बार्शीच्या बाजारात आडतीचा धंदा करताना मालमोटारींशी जन्मभर संबंध आला. तो अनुभव येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडला.

जुनाच ट्रक का, हे आधी सांगितले पाहिजे. किंमत हे एक कारण झाले. दुसरे कारण यंत्ररचनेचे. अमेरिकेत 2007 पासून डिझेल ट्रकांना काजळी अडविणारी गाळणी आली आणि 2010 च्या सुमारास धुरावर रासायनिक द्राव फवारणारी यंत्रणा आली. हवेच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी आहे. परंतु त्या यंत्रणेत बिघाड झाला, तर आडगावात दुरुस्ती मिळणे कठीण. त्याआधीची इंजिने साधी आहेत. डॉजमध्ये 1989 पासून बसविलेले कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, फोर्डमध्ये 1994 ते 2003 या काळात आलेले 7.3 लिटरचे पॉवर स्ट्रोक, जनरल मोटर्सचे 2001 पासूनचे ड्यूरामॅक्स ही नावे त्या माळावर कोणालाही विचारावीत. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि ती उघडणारे कारागीर गावोगाव आहेत. मात्र जुने इंजिन धूर अधिक सोडते, ही गोष्ट अहिंसेचा विचार करणाऱ्याने नजरेआड करू नये. काही राज्यांत धुराची तपासणी सक्तीची आहे. कॅलिफोर्नियात 1998 आणि त्यानंतरच्या डिझेल ट्रकांनाही ती द्यावी लागते. जेथे नोंदणी करायची, तेथील नियम खरेदीपूर्वीच पाहावेत.

शोधाच्या अखेरीस दोन ट्रक उरले. पहिला दिसायला देखणा: चकचकीत रंग, आत चामड्याच्या बैठका, इंजिन दणकट. तो उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातून आला होता. दुसऱ्याचा रंग उन्हाने विटलेला, समोरची प्लास्टिकची पट्टी तडकलेली, बैठका साध्या कापडी; पण तो पहिल्यापासून ॲरिझोनातच वापरलेला. आम्ही दोन्हींच्या खाली शिरून पाहिले. उत्तरेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते लोखंड खाते. देखण्या ट्रकच्या चासीवर ताजा काळा रंग फासला होता; त्यावर हातोडीने हलके ठोकले, तर गंजाचे पापुद्रे सुटले. ब्रेकच्या नळ्यांचीही तीच गत. दुसऱ्याची चासी कोरडी आणि खणखणीत. वाळवंटात लोखंड टिकते, रबर टिकत नाही. म्हणून त्याचे सगळे पट्टे, पाण्याच्या नळ्या आणि टायर बदलावे लागणार, हे उघड होते. टायरच्या कडेवर शेवटी चार अंक असतात: 2319 म्हणजे 2019 सालातील 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांचे टायर भाराखाली फुटू शकतात.

रबर बदलता येते, चासी बदलता येत नाही. चामड्याच्या बैठका तर आमच्या घरात कोणी स्वीकारल्याच नसत्या. शिवाय दुसऱ्या ट्रकच्या मालकाने प्रत्येक तेलबदलाची आणि दुरुस्तीची नोंद एका वहीत ठेवली होती. व्यापाऱ्याला अशी वही माणसाबद्दल बरेच काही सांगते. तरीही आम्ही तिसऱ्याच कारागिराकडून तपासणी करवून घेतली. इंजिन पूर्ण गार असताना सुरू करून पाहिले, गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग आणि वास पाहिला, मालकीच्या कागदावर अपघाती वाहनाचा शिक्का नाही याची खात्री केली. एवढे झाल्यावर सौदा पक्का केला.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक खरेदीदार तेथेच घाई करतात. ट्रक किती ओढतो, हे विकणारा मोठ्याने सांगतो. तो स्वतःच्या अंगावर किती भार घेऊ शकतो, हे आपण विचारावे लागते. मागे जोडलेल्या ट्रेलरच्या वजनातील काही वाटा ट्रकच्या मागच्या आसावर येतो. चेंडूच्या आकाराच्या जोडणीवर ओढायच्या साध्या ट्रेलरचा हा वाटा 10 ते 15 टक्के असतो. ट्रकच्या हौद्यात जोडणी असलेल्या मोठ्या ‘फिफ्थ व्हील’ घराचा तो 20 टक्क्यांच्या आसपास जातो. हा भार कमी करण्यासाठी सामान मागे सरकवावे, तर बैलगाडी उलाळ होते तशी गत होते आणि ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हेलकावू लागतो.

आमचे गणित असे होते. चालकाच्या दारावरील पट्टीप्रमाणे ट्रकचे कमाल अनुमत वजन 3,990 किलो. टाकी भरून, चालकासह वजनकाट्यावर घातला, तो 3,000 किलो भरला. उरले 990. त्यात आम्ही उरलेली तीन माणसे 200 किलो, आणि हत्यारे व किरकोळ सामान 100. राहिले 690. मुलाला आवडलेले फिफ्थ व्हील घर भरल्यावर 5,000 किलोंचे होणार होते. ट्रकच्या ओढीत ते बसत होते, पण त्याचा आसावरचा भार 1,000 किलो. म्हणजे मर्यादेच्या तीनशे किलो वर. लहान ट्रेलर भरून 3,000 किलो, त्याचा भार 390 आणि जोडणीचे लोखंड 45. तो बसला आणि अडीचशे किलोंची सवड राहिली. मुलगा आणि सून दोन दिवस नाराज होते, कारण मोठ्या घरात आम्हा दोघांसाठी वेगळी खोली होती. पण आकडे मोठ्याने वाचून दाखविल्यावर वाद उरला नाही. महामार्गावरील ट्रकथांब्यांवर तेथे वजनकाटे असतात आणि थोड्या शुल्कात प्रत्येक आसाचा भार वेगळा छापून मिळतो. भरलेल्या ट्रेलरसह ते एकदा अवश्य करावे.

या सवडीची किंमत घाटात कळते. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मीटरवर, तर फ्लॅगस्टाफ सुमारे 2,100 मीटरवर. मधला रस्ता जेमतेम 230 किलोमीटरांचा. चढताना इंजिन तापते, वेग उतरतो, पण तेथे फार तर उशीर होतो. खरी परीक्षा उतरताना. काही ठिकाणी उतार सहा टक्क्यांचा आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांना शिरण्यासाठी बाजूला खडीचे चढते रस्ते बांधलेले आहेत. ब्रेक सतत दाबला तर तो तापून पकड सोडतो. खंडाळ्याच्या घाटातील आपले जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तो नियम ॲरिझोनातही तसाच लागू आहे. आम्ही ट्रकमध्ये ट्रेलरचे विद्युत ब्रेक चालविणारा नियंत्रक आणि धुराच्या मार्गातून इंजिनाची गती रोखणारा ब्रेक ही दोन साधने बसवून घेतली. ट्रेलर सुटलाच, तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या खटक्याची दर निघण्यापूर्वी तपासणी होते. आजीआजोबांना मागे बसवून घाट उतरणाऱ्या मुलाने यात काटकसर करू नये.

मग प्रवास कसा झाला, असे कोणी विचारील. सावकाश. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले. चौविहारासाठी दिवसाउजेडी थांबणे आवश्यक होतेच. शिवाय रात्री दिव्यांवर येणारे कीटक मरतात आणि डोंगराळ भागात मोठी हरणे रस्त्यावर येतात. जुन्या इंजिनालाही दिवसाची दोन-अडीचशे किलोमीटरांची मजल मानवते. जानेवारीत क्वार्ट्झसाइटला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला शेगडी पेटे, मुगाची खिचडी आणि कढी होई, भांडी धुऊन सारे आवरून आम्ही सूर्यास्तापूर्वी मोकळे होत असू. नंतर प्रतिक्रमण, आणि बाहेर आभाळभर तारे. भांड्यांचे सांडपाणीसुद्धा ट्रेलरच्या टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणीच सोडायचे, हा तेथील नियम आहे. टाकाऊ वस्तू जीवजंतू पाहून, जपून टाकावी ही शिकवण मिळालेल्याला तो जाचक वाटत नाही.

पाण्याने मात्र हिशेब शिकविला. दीडशे लिटरांची टाकी म्हणजे दीडशे किलो. ती भरली की धान्याच्या पिशव्या मोजूनच घ्याव्या लागत. दुसऱ्या फेरीला निघताना पत्नीने आपण होऊन अर्धी भांडी फिनिक्सला ठेवली. चौदा नियम धारणाऱ्या श्रावकाला रोज सकाळी वाहन, शयन आणि दिशा यांची मर्यादा ठरवायची असते. घरी गादीवर बसून ती ठरविताना शब्द सरावाचे होऊन जातात. या प्रवासात वाहन आणि शय्या एकच होते, दिशा नकाशावर आखलेली होती, आणि परिग्रहाचे परिमाण काट्यावर किलोमध्ये दिसत होते. अर्थात, अनवाणी विहार करणाऱ्या साधुसाध्वींच्या त्यागाशी या सुखाच्या प्रवासाची तुलना करण्याचे कारण नाही. हा गृहस्थाचा प्रवास आहे आणि गृहस्थाने तो गृहस्थाच्या मर्यादेत करावा.

ज्यांना असे निघायचे आहे, त्यांनी आधी आठ-दहा दिवस भाड्याचे घर घेऊन पाहावे. घरातील वडीलधाऱ्यांना शय्येची उंची, पायऱ्या आणि थंडी सोसते का, ते कळते. त्यानंतर आपल्या माणसांचे, पाण्याचे आणि शिध्याचे वजन कागदावर मांडावे. त्या वजनाला पुरून थोडे उरेल असा ट्रक शोधावा आणि त्या ट्रकला पेलेल तेवढेच घर त्यामागे जोडावे.