साखरेची दारं

८ जुलै
नदीला नवं पाणी आलं की चार दिवसांत दवाखान्यात उलटी-जुलाबांची रांग लागते. यंदाही लागली. प्रत्येकाला सलाइन हवं असतं. "बाटली लावा की डॉक्टर, नुसत्या पाण्यानं काय व्हायचंय?" तोंडानं पाणी जात असेल तर मी बाटली लावत नाही, ओआरएसची पुडी देतो. त्यामुळे गावात माझी ख्याती कंजूष डॉक्टर अशी आहे.

९ जुलै
संध्याकाळी गुरुजी आले. जुना मधुमेह, हिवाळ्यापासून डापाग्लिफ्लोझिन चालू. कालपासून जुलाब, जीभ लाकडासारखी कोरडी. काकूंनी पिशवीतून ओआरएसची पुडी काढून टेबलावर ठेवली. न फोडलेली. "ग्लुकोज लिहिलंय म्हणून हातच लावत नाहीत हे."

गुरुजींनी चष्मा सारून ती ओळ वाचूनही दाखवली: लिटरला साडेतेरा ग्रॅम.

म्हटलं, गुरुजी, पुडीतली कामाची वस्तू तीच. आतड्याच्या पेशींच्या पडद्यात एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. त्या दारातून ग्लुकोजचा एक रेणू आत शिरतो तो सोडियमचे दोन आयन बरोबर घेऊनच, आणि त्यांच्यामागून पाणी येतं. कॉलऱ्याचं विष क्लोराइडची वाट सताड उघडून पाणी बाहेर ओततं, पण या दाराला धक्का लावत नाही. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते बरंचसं तसंच वाहून जातं.

"मग माझी गोळी काय करते? तीही साखरेचीच ना?"

शिक्षकच ते, नेमका प्रश्न विचारला. ग्लुकोमीटर १५८ दाखवत होता, पण केटोनची पट्टी फिकट जांभळी झाली. गोळी तिथल्या तिथे बंद केली, रक्त तपासायला पाठवलं आणि काकूंना सांगितलं, दर पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन घोट, नको म्हटले तरी पाजा.

१० जुलै
रिपोर्ट आला. रक्तात आम्लता नाही. सुटलो.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत घेतात. त्यातलं नव्वद टक्के काम एसजीएलटी-२ चं, म्हणजे आतड्यातल्या त्या प्रथिनाच्या सख्ख्या भावाचं. गुरुजींची गोळी त्यालाच अडवते. मग रोज साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे जाते आणि पाणीही ओढून नेते. एरवी ठीक, हृदयालासुद्धा फायद्याचं. पण जुलाबात पाणी दोन्हीकडून जातं. त्यात पोटात अन्न नाही, इन्सुलिन उतरलेलं. शरीर चरबी जाळू लागतं, केटोन साचतात आणि ग्लुकोमीटर साळसूदपणे दीडशेच्या आसपासच राहतो. साखर चारशेला गेली असती तर कुणीही घाबरून धावत आलं असतं.

१२ जुलै, रविवार
दवाखाना बंद, म्हणून वाचत बसलो. या गोळ्यांचा मूळपुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला, १८३५ साली. फ्लोरिझिन. ते दिलं की लघवीत साखर उतरते, हे फॉन मेरिंगनं १८८६ मध्ये दाखवलं. पण ते दोन्ही प्रथिनांना अडवतं, त्यामुळे पोटात घेतलं तर जुलाब. फक्त मूत्रपिंडातलं प्रथिन अडवणारं औषध बाजारात यायला २०१२ उजाडलं. निसर्गानं हा प्रयोग आधीच केलेला होता: एसजीएलटी-२ जन्मतःच निकामी असलेली माणसं लघवीतून साखर घालवत बहुधा सुखानं जगतात, तर एसजीएलटी-१ निकामी असलेल्या बाळाला आईच्या दुधानंच जिवावर बेतणारे जुलाब होतात.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेननं १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. ती माणसांच्या मोठ्या गर्दीत कसाला लागली १९७१ मध्ये, बनगावला. बांगलादेशातून आलेले निर्वासित, कॉलरा, जमिनीवर उलट्या आणि विष्ठेचा चिखल, सलाइन संपत आलेलं. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरलं. नातेवाईक तोटीखाली भांडं धरत आणि आपापल्या माणसाला पाजत. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर साडेतीनच्या आसपास आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये. मरणोत्तर. नोबेल नाहीच. असो.

१५ जुलै
गुरुजी पायी आले. दोन दिवस नीट जेवताहेत, म्हणून गोळी पुन्हा सुरू केली. लॅबच्या कागदावर 'युरिन शुगर ++++' पाहून काकू हबकल्या होत्या. या गोळीवर ते असायचंच, असं त्यावरच लिहून दिलं.

२४ जुलै
उद्या आषाढी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे ज्यांना लागू आहे त्यांची साबुदाण्यानं साखर चढेल. त्यांचं सोमवारी पाहू. काळजी निर्जळी करणाऱ्यांची. या गोळीवर असलेल्यांना दुपारपासून फोन लावतोय: उपास मोडा, नाहीतर गोळी ठेवा बाजूला, आणि मळमळलं तर साखर किती आली हे न बघता या. एका आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "इठ्ठलाला काय सांगू मग?" म्हटलं, माझं नाव सांगा.