टोपलीचे गाव

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामात जुन्या वस्तूंचे एक छोटेखानी प्रदर्शन भरले होते. कोणी जाते आणले, कोणी मोटेचा दोर, कोणी आजीचे लाल लुगडे. मी आमच्या माळ्यावरची टोपली नेली. चिठ्ठी लिहिणाऱ्या तरुणाने विचारले, "काय लिहू, अंकल?" मी ऐटीत सांगितले, "पोर्तुगीजकालीन टोपली. माझ्या आजीने स्वतःच्या हाताने विणलेली."

चिठ्ठी लागली. रात्री मात्र मन खाऊ लागले. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी जिंकला तो १७३९ साली. आजीचा जन्म त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी झाला. म्हणजे माझ्या एका वाक्यातच दुसऱ्या वाक्याचे खंडन होते! शिवाय आपल्या दमट हवेत, वाळवी आणि किडीच्या राज्यात, रोज वापरलेली बांबूची टोपली पावणेतीनशेहून अधिक वर्षे कशी टिकावी? घरात लहानपणापासून जे ऐकले ते मी कधी तपासलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बाजारातल्या बुरूड मावशींकडे गेलो. ऐंशी ओलांडलेल्या मावशी अजूनही सुपे विणतात. त्यांनी टोपली हातात घेतली आणि पहिल्याप्रथम उलटी केली. म्हणाल्या, "टोपलीचं तोंड बघू नये, भाऊ, बूड बघावं. सुरुवात तिथं असते."

मग त्या बोटाने एकेक गोष्ट दाखवू लागल्या. बुडाच्या कामट्या बांबूच्या पाठीच्या, म्हणजे बाहेरच्या टणक सालीच्या होत्या. आतल्या मऊ गराच्या नव्हत्या. कीड लागते ती गराला. म्हणूनच ही टोपली तगली. प्रत्येक पेराची गाठ कोयत्याने तासून सपाट केली होती. घरच्या घरी, गरजेपुरती टोपली विणणाऱ्याच्या हाताला इतकी सफाई येत नाही. गाठी तशाच बोटाला लागतात. "हा आमच्यातल्या बाईचा हात आहे," मावशी निःशंकपणे म्हणाल्या. आणि काळपट रंग? तो वयाचा नव्हे, चुलीवरच्या धुराचा. त्यांच्या अंदाजाने टोपलीचे वय साठसत्तर वर्षांहून अधिक नसावे.

माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी टोपली पुन्हा फिरवली. बुडाच्या मध्यभागी कामट्यांवर एक गोल, गुळगुळीत कडे उमटले होते. ती चुंबळीची खूण. ही टोपली वर्षानुवर्षे कोणाच्या तरी डोक्यावर होती. आतल्या बाजूला न निघणारे तपकिरी डाग होते, ते केळीच्या चिकाचे. आणि काठाला एका जागी सुंभाने घातलेले ओबडधोबड टाके होते. "हे आमचं काम नव्हे. हे घरातल्या बाईनं सांधलंय."

तिथे मला माझी आजी भेटली. पहाटेच्या अंधारात केळीचे घड डोक्यावर घेऊन स्टेशन गाठणारी, लोकलच्या गर्दीत टोपलीला हाताने सांभाळणारी. टोपली तिने विणली नव्हती. वाहिली होती, आणि तुटली तेव्हा सांधली होती. वीण सांगते कोणी घडवली, झीज सांगते कोणी वाहिली.

पण वीण जिची, ती कोण? आणि मग एक विसरलेले दृश्य डोळ्यांपुढे आले. भाताची कापणी झाली की एक बुरूड बाई बांबूचे ओझे घेऊन आमच्या अंगणात येई. दिवसभर उन्हात बसून टोपल्या विणी आणि मोबदल्यात भात घेऊन जाई. आजी तिला चहा देई, तो करवंटीत; कपात नव्हे. ती करवंटी कुंपणाजवळ वेगळी पालथी असे. संध्याकाळी त्याच घरात आम्ही गुडघे टेकून रोझरीची प्रार्थना म्हणत होतो. त्या बाईचे नाव आम्हांपैकी कोणी कधी विचारले नाही.

शुभवर्तमानात पाच हजारांना जेवू घातल्यावर तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, आणि चार हजारांच्या वेळी सात. मूळ ग्रीकमध्ये या दोन टोपल्यांसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत: 'कोफिनोस' आणि 'स्पिरिस'. मार्कच्या आठव्या अध्यायात प्रभू शिष्यांना दोन्ही प्रसंगांची आठवण देतो, तेव्हाही हा भेद तसाच पाळलेला आहे. दिमिष्कच्या तटावरून संत पौलाला खाली सोडले, त्या टोपलीला प्रेषितांच्या कृत्यांत 'स्पिरिस' म्हटले आहे. शुभवर्तमानाने टोपलीचा प्रकारसुद्धा जपून ठेवला. आम्ही मात्र आमच्या अंगणात बसलेले माणूसही लक्षात ठेवले नाही, आणि वर तिच्या कामावर आजीचे नाव लिहिले.

प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी मी चिठ्ठी बदलली: 'बुरूड स्त्रीने विणलेली. तिचे नाव आम्ही विचारले नाही. आजीने वापरलेली व सांधलेली.' काहींना ती आवडली नाही. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, असे एकजण म्हणालेही. आजीचा अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता. तिच्या डोक्यावरचे ओझे मला त्याच टोपलीने दाखवले. पण खरे सांगायचे तर ते दोघींचे सांगायला हवे.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादी टोपली असेल. ती खाली काढा, उलटी करा, बूड पाहा. आणि घरात कोणी वडीलधारे असेल तर विचारा, ती विणायला कोण येत असे.

त्या दिवशी बाजारातून निघताना मी मावशींना त्यांचे नाव विचारले. चाळीस वर्षे मी त्यांच्याकडून सुपे घेत आलो आहे. नाव विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.